चाँदबी बांगड्या विकत नसे

चाँदबीला बांगड्या विकणारी म्हटलेलं खपायचं नाही. लातूरला आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं दारात बसलेल्या बाईला विचारलं, "इथं बांगड्या विकणारी कुठं राहते हो?" दारात बसलेली बाई म्हणजे चाँदबीच. तिनं वर न बघता सांगितलं, "इकणारी मला म्हाईत न्हाई. भरणारी पायजे असंल तर मी हाय. बस खाली." ती बाई मुकाट्यानं खाली बसली आणि दोन्ही हात भरून घेऊन उठली. ती बाई म्हणजे मी.

माझं माहेर उमरीचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि उस्मानाबादच्या कचेरीतून आमच्या ह्यांची बदली नव्या कलेक्टर ऑफिसात झाली, म्हणून ह्यांच्या आईसकट आम्ही बिऱ्हाड हलवलं. जिल्ह्याच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या, साहेबांच्या गाड्या धूळ उडवत होत्या, आणि नळाला पाणी नव्हतं. पाऊस लागोपाठ फसलेला. गल्लीत टँकर यायचा तेव्हा सगळ्या बायका घागरी घेऊन धावायच्या आणि त्या रेटारेटीत हमखास कुणाच्यातरी बांगड्या जायच्या. "जिल्हा झाला त्यो माझाच फायदा," चाँदबी म्हणायची. "टँकर येतो आन् माझं गिऱ्हाईक पाठवून देतो."

पण बांगडी 'फुटली' असं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. एकदा मी म्हटलं, तर तिनं माझा हात सोडून दिला. "वाढली म्हन. शिकलेली हाईस न्हवं?" मी 'वाढली' म्हटल्याशिवाय तिनं पुढची बांगडी उचलली नाही.

ती बुटकी होती, अंगानं भरलेली, आणि समोरच्या दातांत फट होती, त्यातून 'स' निसटायचा. दारातल्या फळीवर पोतं टाकून बसायची. मागं सुतळीत ओवलेल्या बांगड्या टांगलेल्या. बाई समोर बसली की ती आधी काही बोलायची नाही, हात हातात घ्यायची आणि अंगठ्याखालचा उंचवटा दाबत राहायची. मग विचारायची, "माहेरचं कोन आलतं का एवड्यात?" बाई माहेरचं सांगायला लागायची. भावाची बायको कशी आहे, आईचे गुडघे कसे आहेत, विहिरीला पाणी किती. सांगता सांगता हात सैल पडायचा आणि बांगडी हाडावरून कधी सरकली ते बाईला कळायचंही नाही. गल्लीतल्या सगळ्या माहेरांची खबर चाँदबीला असायची ती अशी. कुणाचं सुतक कधी फिटतं, कुणाच्या लेकीचं बाळंतपण कधी आहे, कुणाचा कुठला उपासाचा वार, हे सगळं तिला पाठ. सारं बांगड्यांशी बांधलेलं होतं ना.

तिचा नवरा मेहबूबचाचा गोलाईच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायचा. माणूस अगदी कमी बोलायचा. ती बोलते तेवढं दोघांना पुरतं, असं त्याचं मत होतं आणि ते खरंच होतं.

माझ्या सासूबाईंचं आणि तिचं जमायचं. माझ्या सासूबाई म्हणजे कडक प्रकरण. उपासतापास, नवस, अंगारे, कशाचीही त्या गय करायच्या नाहीत. "आपन बुद्धाची मान्सं, असलं काय मानत न्हाई," हे वाक्य आमच्या घरात मिठाइतकं लागायचं. एक गोष्ट मात्र त्या मानत होत्या. मामंजी गेल्यापासून त्यांनी हातात काचेचा तुकडा घातला नव्हता. त्याबद्दल विचारायची माझी छाती नव्हती. चाँदबीचं माहेर उदगीरचं, सासूबाईंचं जळकोटजवळच्या खेड्यातलं. तेवढ्या शेजारावर दोघी 'आपल्याकडचं' बोलत तासन्‌तास बसायच्या.

त्या उन्हाळ्यात चाँदबीला छातीत गाठ लागली. तिनं आधी ती कुणाला सांगितली नाही, मग चाचाला सांगितली, आणि चाचा तिला घेऊन बार्शीला गेला. तेव्हा आमच्याकडून बार्शीला छोटी रेल्वे जायची, माणूस उतरून चालत गेला तरी मागं पडणार नाही अशी. ऑपरेशन झालं. एक बाजू काढून टाकली. मग शेक सुरू झाला. शेक म्हणजे मशीनखाली झोपवून किरण सोडतात ते. चाँदबी तिथंच धर्मशाळेत राहिली, आणि चाचा स्टोव्हवर भाकऱ्या थापायला शिकला. मी आणि सासूबाई भेटायला गेलो तेव्हा तो पाण्याची कळशी दोन्ही पायांत धरून बसला होता. बार्शीतही पाण्याची ओरडच होती. भाकरी जाड होती आणि एका बाजूनं काळी. चाँदबी आम्हाला म्हणाली, "खावा. हे मान्सानं तीस वर्सं दुसऱ्यांचे स्टो पेटवले, आता सोताचा पेटवून राहिलं."

शेक कुठं द्यायचा ते कळावं म्हणून तिच्या गळ्यापासून खाली जांभळ्या शाईनं रेघा काढल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, शेक संपेपर्यंत तिथं पाणी लावायचं नाही, असं बजावलेलं. ह्यावर ती खूश होती. "आंगुळ करू नगं म्हनून डाक्टर सांगतो. लातूरच्या मान्साला ह्ये काय सांगायचं?" वऱ्हांड्यात बसलेल्या बायका हसल्या. त्यातल्या एकीच्या तोंडाला पट्टी होती, तिला हसणं सोसत नव्हतं, तरी ती हसली. तिथं चाँदबीनं सगळ्यांचे हात हातात घेऊन, कुणाला कुठली बांगडी शोभेल ते सांगून ठेवलं होतं. "बरी झाली की लातूरला ये," हे प्रत्येकीला सांगणं. त्यातल्या किती बऱ्या झाल्या मला माहीत नाही.

ती परत आली तेव्हा चाचानं गल्लीत सांगितलं होतं की पोटात साधी गाठ होती, काढली. आमच्याकडे असंच सांगायची रीत आहे. रोगाचं नाव घरात घेत नाहीत. रोग्याला सांगत नाहीत, शेजाऱ्याला सांगत नाहीत, आणि सगळ्यांना ठाऊक असतं. चाचानं तिलाही बजावलं होतं, "चाँद, नाव घेऊ नको." तिनं काय करावं? टँकरच्या रांगेत कुणीतरी सहज विचारलं, "मावशी, काय झालतं हो?" आणि ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कॅन्सर. एक बाजू काढली."

मी तिला नंतर म्हटलं, "मावशी, बांगडी फुटली म्हटलं तर तुम्ही हात सोडता, आणि हे असं सरळ बोलता?"

"बांगडी शुभ असती, तिला जपून बोलायचं," ती म्हणाली. "ह्या रोगाला मी काय म्हून जपू?"

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा चाँदबीनं घागर रांगेत ठेवली आणि पुढची घागर हातभर पुढं सरकली, मागची हातभर मागं. सासूबाईंनी ते पाहिलं. एरवी त्यांनी रांगेला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी त्यांनी आपली घागर तेवढी भरली, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटत राहिल्या.

मग बायकांनी तिच्याकडं हात द्यायचं बंद केलं. तोंडावर कुणी म्हणालं नाही की तुझा रोग लागेल. गल्ली प्रेमळ होती, तिला दुखवायचं नव्हतं. म्हणून सबबी निघाल्या. एक म्हणाली सुतक आहे. चाँदबी मला सांगते, "सुतक कुनाचं? हिच्या घरी परवा बारसं झालं, पाळण्याचा आवाज हितवर येऊन राहिलाय." दुसरी म्हणाली हाताला गळू झालंय, आणि त्याच हातानं कळशी उचलून निघून गेली. तिसरीनं सोमवार सांगितला. "तिचा सोमवार कवापासून? ती तर गुरवारवाली." हे सांगताना ती हसायची, पण हात मांडीवर रिकामे पडलेले असायचे. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजायला लागला होता. त्या हातातल्या तिच्या स्वतःच्या बांगड्या उतरवाव्या लागल्या होत्या.

ह्यात अंबिकावहिनींचं नाव घेतल्याशिवाय चालणार नाही. आमच्या समोरच राहायच्या. माहेर देगलूरचं, स्वभाव मोठा, हात सढळ. चाँदबी परत आल्यापासून रोज तिच्या घरी कालवण-भाकरी पाठवणाऱ्या त्याच. पण ताट उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, हाक मारायच्या आणि ती बाहेर यायच्या आत घरात जायच्या. मला त्यांचा राग यायचा. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांची आई ह्याच रोगानं गेली होती. तिचं सगळं करणारी मावशी पुढं दोनेक वर्षांत ह्यानंच गेली. "आता तूच सांग, लागत न्हाई म्हनून कसं म्हनू?" त्यांनी मला विचारलं. मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, की हा लागणारा रोग नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं. बारा वर्षांच्या पोरीनं आईच्या उशाशी बसून जे पाहिलं होतं, त्यापुढं माझ्या डॉक्टरीणबाई कुठं पुरणार?

अंबिकावहिनींनीच ती युक्ती काढली. मावशीचा धंदा तर चालला पाहिजे. मग गल्लीतल्या बायका मिळून तिच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आम्हाला सगळ्यांना दोन-दोन डझन द्या. कागदात बांधून द्या. घरी भरतो आम्ही."

मी तेव्हा चाँदबीच्या दारातच बसले होते. बायकांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. आपण किती चांगलं करतोय ह्याचा आनंद होता. चाँदबीनं एकेकीकडं बघितलं. मग तिनं मागच्या बांगड्या उतरवल्या, फडक्यात गुंडाळल्या, गाठ मारली.

"बांधून द्यायला मी काय किराना दुकान हाय?" ती म्हणाली. "माझ्याकडं बांगडी हातात मिळती. कागदात न्हाई."

बायका दुखावून गेल्या. "भलं करायला जावं तर असं," असं बरेच दिवस चाललं. त्या दिवसापासून चाँदबीनं दारातली फळी आत घेतली.

मेहबूबचाचा आमच्याकडं आला. हा माणूस कधी कुणाच्या दारात गेलेला मी पाहिला नव्हता. चहा निवला तरी त्यानं कप उचलला नाही. "बार्शीचा शेक तिनं हसत घेतला बेटी," तो मला म्हणाला. "मळमळ काढली, कातडी भाजल्यागत झाली, काय बोलली नै. पर आता रातभर दोन्ही हात छातीवर घेऊन पडती. मी विचारलं, दुखतंय? बोलती, न्हाई, रिकामे हायत." सासूबाई आतून ऐकत होत्या.

मला सातवा महिना लागला होता. आमच्यात फार सोपस्कार नसतात, पण सातव्यात हिरव्या बांगड्या भरायच्या, चार बायका जेवायला बोलवायच्या, एवढं होतंच. हे म्हणाले, गोलाईतून बांगड्या आणतो. गल्लीतल्या थोरल्या बायकांनी सासूबाईंना आडून सुचवलं, की पोटुशी पोर आहे, नस्ती जोखीम नको. सासूबाई "हं" म्हणाल्या. त्यांच्या 'हं'चा अर्थ मला त्या वेळेपर्यंत लावता येत नव्हता.

त्या दिवशी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून झाली, वंदना झाली, बायका भिंतीला टेकून बसल्या. सासूबाई चपला घालून बाहेर पडल्या आणि चाँदबीच्या मनगटाला धरून तिला घेऊन आल्या. चाँदबीच्या दुसऱ्या हातात बांगड्यांचं फडकं होतं. ती उंबऱ्यात थबकली.

मी पाटावरून हात पुढं केला. "तू थांब," सासूबाई मला म्हणाल्या. आणि त्या स्वतः चाँदबीपुढं फतकल मारून बसल्या. "आधी माझ्या हातात भर."

सातव्याच्या कार्यात, सवाष्णींच्या देखत, एका विधवेनं पहिला हात पुढं केला होता. चाँदबीनं फडक्याची गाठ तशीच धरून ठेवली. "अक्का, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

"भर म्हंते न्हवं."

चाँदबीनं हात हातात घेतला. सासूबाईंचा हात म्हणजे जन्मभर विळा धरलेला, हाड रुंद, कातडी राठ. चाँदबीच्या सुजलेल्या हाताला जोर नव्हता, म्हणून तिनं सासूबाईंची बोटं आपल्या गुडघ्यात दाबून धरली आणि चांगल्या हातानं बांगडी चढवायला लागली. बांगडी हाडावर अडली. तिच्या कपाळावर घाम आला. मग सवयीनं, हात सैल करायला, तिनं विचारलं, "अक्का, माहेरी कोन भरायचं हो तुम्हास्नी?"

"भरायचं कोन?" सासूबाई म्हणाल्या. "बांगडीवाली यायची गावात. समद्यांच्या वट्यावर बसायची. आमच्या वस्तीच्या कडंला उभी ऱ्हायची आन् बांगड्या सुपात टाकून सूप भुईला ठिवायची. ती चार पावलं मागं सरली की मंग आमी उचलायच्या. आपल्या हातानं भरायच्या. निम्म्या तितंच वाढायच्या. मला वाटायचं बांगड्या अशाच भरत असत्याल." बांगडी हाडावर जरा सरकली. "मंग उदगीरकडची एक म्हातारी यायला लागली. पैल्याच येळंला वस्तीत आली, बसली, आन् माजा हात हातात घेतला. मी आठ-नऊ वर्साची असंन. मी रडलेच. तिला वाटलं काच लागली."

बांगडी केव्हा चढली ते सासूबाईंना कळलं नाही. चाँदबीला कळलं होतं, पण ती हात सोडत नव्हती.

"ती म्हातारी हिची आई," सासूबाई बायकांकडं बघून म्हणाल्या. "कागदात बांधून द्या म्हनाला होतात न्हवं? ते सूपच हाय माय. दुसरं काय न्हाई."

मग माझे हात भरले. मला अजून आठवतं, तिचा सुजलेला हात गरम होता आणि उशीसारखा मऊ. मला खूप रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. सातव्या महिन्यात तेवढी मुभा असते. त्या दिवशी उठताना दोघी-तिघींनी चाँदबीपुढं हात केले. बाकीच्या जेवून गेल्या. पुढच्या आठवड्यात आणखी काही आल्या. सगळी गल्ली आली असं मी म्हणणार नाही, पण फळी पुन्हा दारात आली. अंबिकावहिनी मात्र आल्या नाहीत. त्यांचं ताट येत राहिलं, उंबऱ्याबाहेर. चाँदबी ते पुसून खायची आणि रिकामं ताट त्याच उंबऱ्यावर ठेवायची. "भिती हाय तिला," ती म्हणायची. "भित्या मान्सावर काय रागवायचं?"

मला मुलगी झाली. तिच्या मनगटातल्या काळ्या मनगट्या चाँदबीनंच घातल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाँदबीची पाठ दुखायला लागली. रोग हाडात उतरला होता. बार्शीच्या डॉक्टरांनी चाचाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि चाचानं ह्या खेपेला काही न लपवता तिला सांगितलं. तिची लेक नांदेडजवळ अर्धापूरला दिलेली होती, केळीच्या बागायतीत, घरात पाणी होतं, माणसं होती. तिनं आईला न्यायचं ठरवलं. जावयानं जीप पाठवली.

सकाळीच जीप गल्लीत आली. चाँदबीला गोधडीवर घालून मागच्या बाकावर बसवली. केवढीशी झाली होती. आवाज तेवढा होता तसाच. आम्ही बायका जीपला धरून उभ्या राहिलो आणि ती एकेकीचा हात घेऊन दाबायची, मापाचं काहीतरी बोलायची, सोडायची. ड्रायव्हर घाईला आला होता. उन्हाच्या आत नांदेड गाठायचं म्हणून त्यानं गाडी सुरूही केली.

"दम धर रं," चाँदबी म्हणाली. "एक हात ऱ्हायलाय. अंबू कुटं हाय?"

अंबिकावहिनी आपल्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. सगळ्यांनी वळून बघितलं. मला वाटलं त्या आत जातील. त्या पायरी उतरल्या, पुन्हा थांबल्या, मग आल्या. जीपच्या कडेवरून त्यांनी हात आत दिला, चटका बसणार असल्यासारखा, बोटं आखडून. चाँदबीनं तो दोन्ही हातांत घेतला.

"सव्वादोनचं माप," ती म्हणाली. "तुज्यासाटी हिरव्या काडून ठिवल्यात. पर माझ्यात आता जोर न्हाई." तिनं गोधडीखालून बांगड्या काढल्या आणि माझ्या सासूबाईंकडं दिल्या. "अक्का, तुम्ही भरा. मी हात धरते."

सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाला बांगडी भरली नव्हती. पहिली त्यांच्या हातात वाढली. "दाबू नगा, फिरवा," चाँदबी आतून सांगत होती. "अंगठ्याकडनं घ्या. हाव. आता सोडा." अंबिकावहिनींचं मनगट चाँदबीच्या हातात, बोटं सासूबाईंच्या, आणि वहिनींचे डोळे घट्ट मिटलेले. ड्रायव्हरनं कंटाळून गाडी बंद केली. एकेक करत बांगड्या चढल्या. वहिनींनी डोळे उघडले, हात बघितला, आणि रडत चाँदबीपुढं वाकल्या.

"मला न्हाई गं," चाँदबी म्हणाली. "जी भरती तिला नमस्कार करायचा असतो."

अंबिकावहिनी क्षणभर तशाच राहिल्या. मग वळल्या, आणि भर रस्त्यात माझ्या सासूबाईंच्या पायांवर वाकल्या. सासूबाई गोंधळून दोन पावलं मागं सरल्या. आपल्या पायाशी असं कुणी वाकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, हातांचं काय करावं तेही त्यांना उमजेना. तेवढ्यात जीप पुन्हा सुरू होऊन हलली. धुळीतून मला चाँदबीचं तोंड अखेरचं दिसलं, मान मागं वळवलेली, दातांतली फट दाखवत हसणारी. जीप वळणावर जाईपर्यंत तिचा आवाज येत होता.

"अक्का, आशीर्वाद द्या की तिला. नुसत्या उभ्या काय ऱ्हायलात?"